मागदालेनाचा तुरा: ऑलिव्ह तेलाचे स्पॅनिश मफिन घरच्या ओव्हनमध्ये

प्रश्न असा आला आहे: घरच्या २८ लिटरच्या ओटीजीत, म्हणजे विजेच्या छोट्या ओव्हनमध्ये, ऑलिव्ह तेलाचे पारंपरिक स्पॅनिश मफिन, म्हणजेच मागदालेना, तीनदा केले. तिन्ही वेळा वरून सपाट झाले, कडवट लागले आणि दुसऱ्या दिवशी घास घशाखाली उतरेना. कृती होती ३ अंडी, १ वाटी साखर, १ वाटी एक्स्ट्रा व्हर्जिन तेल, दीड वाटी मैदा, २ चमचे बेकिंग पावडर आणि लिंबाची साल. सगळं कालवून लगेच १८० अंशांवर २५ मिनिटं. आता बेकिंग पावडर वाढवू, की तेलाऐवजी लोणी घालू?

दोन्ही नको. बेकिंग पावडर वाढवली तर पीठ भसकन वर येतं आणि तितक्याच वेगाने बसतं, शिवाय जिभेवर साबणासारखी चव रेंगाळते. लोणी घातलंत तर पदार्थच बदलतो. तुमच्या साहित्यात मोठी चूक नाही. चूक आहे ती ‘लगेच’ या शब्दात आणि ‘१८०’ या आकड्यात. मागदालेनाचं पीठ थंडगार आणि मुरलेलं हवं, ओव्हन कडकडीत तापलेला हवा. मी नऊ वर्षं स्पेनमधल्या सारागोसाला राहिले, शेजारच्या एका आजींच्या हाताखाली हे शिकले, आणि परत आल्यापासून गेली अकरा वर्षं पुण्यात घरून ऑर्डर घेऊन करते आहे. ज्यांचे मागदालेना फुगत नाहीत त्यांना मी आधी विचारते, पीठ किती वेळ मुरवलं? बहुतेकांचं उत्तर ‘मुरवायचं असतं?’ हेच असतं.

आधी पदार्थ कोणता ते नीट बघू, कारण नावावरून घोळ होतो. फ्रान्समध्ये, विशेषतः लोरेन भागातल्या कोमेर्सी गावात, जी मादलेन होते ती शिंपल्याच्या साच्यातली आणि लोण्याची. स्पेनची मागदालेना कागदाच्या वाटीत भाजतात, ती तेलाची असते आणि तिच्या डोक्यावर टोकदार घुमट येतो. त्या घुमटाला स्पॅनिशमध्ये ‘कोपेते’ म्हणतात. पक्ष्याच्या तुऱ्यालाही हाच शब्द, म्हणून मी त्याला तुराच म्हणते. आपण ज्याला मफिन म्हणतो तो अमेरिकन मफिन आणखी वेगळा. त्यात कोरडं आणि ओलं साहित्य दोन-चार हातांत कालवून सोडून देतात, गुठळ्या राहिल्या तरी चालतात. मागदालेनात मात्र अंडी आणि साखर फेसून फेसून पांढरी करावी लागतात. तुम्ही ‘सगळं कालवून’ लिहिलंय, ती मफिनची रीत झाली. लोणी साखरेबरोबर फेटलं की हवा धरून ठेवतं, तेल ते काम करत नाही. त्यामुळे तेलाच्या केकमधली हवा अंड्यांतूनच आली पाहिजे.

आजींच्या लहानपणी त्यांच्या गावात घरोघरी ओव्हन नव्हते. सणाच्या आधी बायका अंडी, साखर, तेल, पीठ घेऊन गावच्या भट्टीवर जायच्या, तिथेच मोठ्या परातीत पीठ फेसायच्या आणि टोपल्या भरभरून मागदालेना घरी आणायच्या. हे त्यांनी सांगितलं तेव्हा मला साताऱ्याची दिवाळी आठवली. आम्हीही मैदा, पिठीसाखर आणि तुपाचा डबा घेऊन बेकरीत जायचो, नंबर लावायचो आणि नानकटाईचा पत्र्याचा डबा अजून गरम असतानाच मांडीवर घेऊन रिक्षाने घरी यायचो. ती भट्टी माहीत असलेल्याला मागदालेनाचं गुपित समजायला वेळ लागत नाही. लाकडाच्या भट्टीची पहिली धग भयंकर असते. कागदातलं पीठ आत गेलं की कडा काही क्षणांत धरतात, मधलं पीठ अजून पातळ असतं, ते फुगायला लागतं आणि बाजूला जागा नसल्याने मधूनच वर उसळतं. तोच तुरा.

१८० अंशांवर नेमकं उलटं होतं. उष्णता हळूहळू आत शिरते, कडा आणि मध्य साधारण एकाच वेळी शिजतात, सगळं सारखं वर येतं आणि सपाट राहतं. वर रंग येत नाही म्हणून आपण २५ मिनिटं थांबतो आणि तेवढ्या वेळात आतला ओलावा उडून जातो. तुमचे मफिन दुसऱ्या दिवशी कोरडे होतात त्याचं पहिलं कारण हेच. मागदालेना १४ ते १६ मिनिटांत बाहेर यायला हवी.

मुरवण्याचं काम दुहेरी आहे. तासभर फ्रिजमध्ये ठेवलं की मैद्यातला स्टार्च पाणी पिऊन फुगतो, पीठ दाट होतं आणि बुडबुडे त्यातून सहज निसटत नाहीत. दुसरं म्हणजे पीठ गार झालेलं असल्याने ओव्हनमध्ये कडा धरल्या तरी मध्य बराच वेळ पातळ राहतो. भट्टीची धग आपल्या ओटीजीत नाही. ती उणीव आपण दुसऱ्या टोकाने, म्हणजे पीठ गार करून भरून काढतो. इथे एक खबरदारी. जुन्या स्पॅनिश कृतींत बेकिंग पावडरऐवजी दोन वेगवेगळ्या रंगांच्या पुड्या असायच्या, एकीत सोडा आणि दुसरीत आम्ल. दोन्ही एकत्र झाल्या की तिथल्या तिथे फसफसतात, म्हणून ते पीठ लगेच भट्टीत जायचं. आपली बाजारातली डबल अ‍ॅक्शन बेकिंग पावडर बराचसा वायू ओव्हनमध्ये तापल्यावर सोडते, त्यामुळे ती मुरवलेलं पीठ सहन करते. कोणी फ्रूट सॉल्ट घालून करत असेल तर मात्र मुरवू नका, तासाभरात सगळा जोर निघून जाईल.

आता माझं प्रमाण. यातून साधारण १४-१५ होतात. ३ अंडी, पण वजन करून घ्या. आपल्याकडची अंडी बरीच लहान असतात. टरफलाशिवाय १३५ ते १४० ग्रॅम भरली पाहिजेत, कमी पडली तर चौथं अंडं फोडून, फेटून त्यातलं थोडं घाला. साखर १७० ग्रॅम, तेल १७० ग्रॅम, दूध ६० मिली, मैदा १८५ ग्रॅम आणि कॉर्नफ्लोअर २५ ग्रॅम, बेकिंग पावडर ७ ग्रॅम, चिमूटभर मीठ, लिंबाची साल. स्पेनमध्ये केकसाठी जे मऊ पीठ मिळतं त्यात प्रथिनं आपल्या मैद्यापेक्षा कमी असतात, कॉर्नफ्लोअर त्यासाठी. वाटीने मोजू नका, निदान पहिल्या दोन-तीन वेळा तरी. दाबून भरलेली मैद्याची वाटी आणि हलक्या हाताने भरलेली वाटी यांत सहज पाव वाटीचा फरक पडतो, आणि पीठ दाट की पातळ यावर इथे सगळं अवलंबून आहे. तुमच्या २ चमच्यांची बेकिंग पावडरही या पिठाला थोडी जास्तच होती.

अंडी आणि दूध खोलीच्या तापमानाला आणा. साखरेत लिंबाची साल किसून बोटांनी चोळा, साखर ओलसर आणि पिवळसर होते, वास घरभर जातो. मग अंडी घालून इलेक्ट्रिक बीटरने ५-६ मिनिटं फेसा. बीटर उचलल्यावर पडणारी धार वरच्या वर क्षणभर दिसत राहिली पाहिजे. हातरवीने करणार असाल तर पंधरा मिनिटांची तयारी ठेवा. बीटर चालू ठेवून तेल सुतासारख्या धारेने सोडा, भसकन ओतू नका, नाहीतर ते तळाशी जाऊन बसतं. मागून दूध. शेवटी मैदा, कॉर्नफ्लोअर, बेकिंग पावडर आणि मीठ दोनदा चाळून घाला आणि पीठ एकजीव होईपर्यंतच फिरवा. झाकून फ्रिजमध्ये किमान एक तास, रात्रभर राहिलं तरी चालतं. बाहेर काढल्यावर पुन्हा फेटायचं नाही. चमच्याने किंवा आइस्क्रीमच्या स्कूपने सरळ उचलून कागदात भरायचं. भांड्यातच मुरवा, कागदात भरून मुरवू नका, कागद तेल पितो.

कागद हा आपल्याकडचा मोठा अडथळा आहे. इथे मिळणारे पातळ कागदी कप पिठाच्या वजनाने पसरतात, आणि पीठ आडवं पसरलं की तुरा गेलाच. मफिनच्या ट्रेत घालून भाजा. ट्रे नसेल तर वरणाच्या सारख्या आकाराच्या स्टीलच्या वाट्या घ्या, प्रत्येकीत एक कागद. मी सुरुवातीची दोन वर्षं वाट्यांवरच काढली. पाऊण भाग भरा, म्हणजे प्रत्येकी ५० ग्रॅमच्या आसपास. वरून चिमूटभर साधी दाणेदार साखर, तीही अगदी ओव्हनमध्ये सारताना. आधी घातली तर विरघळते आणि वरचा कुरकुरीत पापुद्रा येत नाही.

ओटीजीचं सांगते, कारण बहुतेकांचं इथेच चुकतं. दोन्ही रॉड लावून २५० वर निदान २० मिनिटं तापू द्या. दिवा विझला म्हणजे ओव्हन तापला असं नसतं. आतल्या भिंती आणि जाळी तापायला वेळ लागतो, आणि दार उघडल्याबरोबर छोट्या ओव्हनची उष्णता सपकन उतरते. एक साधा ओव्हन थर्मामीटर जाळीवर ठेवून बघा. माझ्या पहिल्या ओटीजीत आकडा २२० दाखवायचा तेव्हा आत १९० असायचं, आणि मी कित्येक महिने कृतीला दोष देत होते. जाळी मधल्यापेक्षा एक खण खाली लावा, वरच्या रॉडजवळ साखर जळते. ट्रे आत सारा, दार बंद करा आणि मग आकडा २१० वर आणा. १२ मिनिटांच्या आत दार उघडायचं नाही. सहा-सहाच्या घाण्यात भाजा, बाकीचं पीठ फ्रिजमध्येच राहू द्या. दुसरा घाणा पहिल्यापेक्षा सुंदर येतो हे तुम्हाला दिसेलच, तोवर ओव्हन खरा तापलेला असतो. पंखा असेल तर बंद ठेवा. वाऱ्याने तुरे एका बाजूला कलतात आणि कवच लवकर वाळतं. बंद होत नसेल तर आकडा २० अंशांनी उतरवा. मायक्रोवेव्हच्या कन्व्हेक्शनमध्ये करणाऱ्यांनी यंत्रात जितकं जास्त तापमान मिळतं तितकं तापवून घ्यावं. तुरा थोडा बसका येईल, चव तीच.

आता कडवटपणा. तो तीन ठिकाणांहून येऊ शकतो आणि तिन्हींची चव वेगळी असते. गिळल्यावर घशात मिरीसारखं झणझणलं तर ते तेल. जिभेवर चिकटून राहणारा कडूपणा असेल तर लिंबाच्या सालीखालचा पांढरा भाग किसला गेलाय. आपलं कागदी लिंबू नावाप्रमाणेच पातळ सालीचं, स्पेनमधलं लिंबू जाड सालीचं असतं. इथे हात फार हलका ठेवावा लागतो, बारीक किसणीवर एका जागी एकदाच घासायचं. दोन कागदी लिंबांची साल पुरे. कोकणातून ईडलिंबू आलं तर त्याची साल मी जपून वापरते, तिचा वास जास्त भरदार लागतो. तिसरी चव साबणाची किंवा धातूची, ती बेकिंग पावडरची.

तेलाबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण या पदार्थाचा जीव तिथे आहे. जगात सर्वांत जास्त ऑलिव्ह तेल स्पेनमध्ये होतं आणि स्पेनमध्ये सर्वांत जास्त हाएन प्रांतात. तिथलं मुख्य वाण पिकुआल. त्याचं तेल उग्र, कडसर, खूप टिकाऊ. कातालोनियाचं आर्बेकिना सौम्य आणि फळासारखं गोडसर. सारागोसाच्या बाजूला, खालच्या आरागोनमध्ये एम्पेल्त्रे नावाचं वाण आहे. त्याची फळं काळी होईपर्यंत झाडावर पिकू देतात आणि त्याचं तेल सोनेरी, बदामाची आठवण करून देणारं असतं. आजी तेच वापरायच्या, म्हणून त्यांच्या मागदालेनात कडूपणाचा लवलेश नसायचा. तुमच्या बाटलीवर वाणाचं नाव असेल तर आर्बेकिना निवडा. नुसतं एक्स्ट्रा व्हर्जिन लिहिलेलं असेल तर एक चमचा तसंच पिऊन बघा. ठसका लागला तर ते तेल चांगलं आहे, पण सॅलडला चांगलं आहे. हिरव्या रंगावर जाऊ नका. तेलाचे पारखी मुद्दाम निळ्या काचेच्या पेल्यातून चव घेतात, रंगाने मन फिरू नये म्हणून.

उग्र तेल घरात आहेच, तर टाकून देऊ नका. स्पेनमध्ये त्यावर जुना उपाय आहे. तेल मध्यम आचेवर तापवतात, त्यात लिंबाच्या सालीची जाड चकती सोडतात आणि ती तपकिरी होईपर्यंत तळून काढून टाकतात. आपण शंकरपाळ्याचं मोहन तापवतो तसंच, फक्त धूर येऊ द्यायचा नाही. उग्रपणा बराच उतरतो, लिंबाचा वास तेलात राहतो. मात्र ते पूर्ण गार झाल्याशिवाय अंड्यांत घालायचं नाही, कोमट तेलानेही फेस बसतो. एवढाही खटाटोप नको असेल तर निम्मं एक्स्ट्रा व्हर्जिन आणि निम्मं सूर्यफूल तेल घ्या. स्पेनमध्येही सूर्यफूल तेलाच्या मागदालेना दुकानोदुकानी मिळतात, त्यात कमीपणा नाही.

आपल्याकडे बाटल्यांवर ‘लाइट’ आणि ‘पोमेस’ असंही लिहिलेलं असतं. लाइट म्हणजे मुख्यतः रिफाइन केलेलं, चवीला हलकं. कॅलरी तेवढ्याच. पोमेस हे पहिलं तेल काढून उरलेल्या चोथ्यातून द्रावकाने काढून रिफाइन केलेलं असतं. त्याने केक बिघडत नाही, पण ज्या वासासाठी आपण हा पदार्थ करतो तो वासच त्यात नाही. मग सूर्यफूल काय वाईट? एक्स्ट्रा व्हर्जिनची आम्लता ०.८ टक्क्यांच्या आत असावी लागते, पण बाटली दुकानाच्या उजेडात दीड वर्ष उभी असेल तर त्या आकड्याला अर्थ उरत नाही. पॅकिंगची तारीख बघा, गडद काचेची लहान बाटली घ्या आणि उघडल्यावर दोन-तीन महिन्यांत संपवा. खवट तेल जुन्या शेंगदाण्यांसारखं वासाला येतं, आणि कितीही लिंबू घातलं तरी तो वास लपत नाही.

एक शंका मला नेहमी विचारतात, एक्स्ट्रा व्हर्जिन तेल २१० अंशांना जळत नाही का? नाही. ओव्हनची हवा २१० असते, मागदालेनाचा आतला भाग १०० च्या आतच राहतो, कारण तिथे पाणी आहे. माझ्या थर्मामीटरवर तयार मागदालेनाच्या पोटात ९६ ते ९८ दिसतं. तेल जळण्याचा प्रश्नच येत नाही.

लोण्याचं सांगायचं राहिलं. लोण्यात सुमारे ८० टक्के स्निग्धांश, बाकी बहुतेक पाणी. ते गार झालं की घट्ट होतं आणि केकही घट्ट लागतो. तेल पातळच राहतं, म्हणून तेलाची मागदालेना तिसऱ्या दिवशीही मऊ असते. तुमची दुसऱ्याच दिवशी कोरडी झाली त्याला जास्त भाजण्याखेरीज साठवणही कारणीभूत असू शकते. फ्रिजमध्ये ठेवली असेल तर पुन्हा ठेवू नका. फ्रिजच्या गारव्यात स्टार्च बाहेरच्यापेक्षा लवकर शिळा पडतो. ओव्हनमधून काढून पाच मिनिटांत ट्रेतून जाळीवर घ्या, पूर्ण गार होऊ द्या आणि लगेच घट्ट झाकणाच्या डब्यात. सारागोसाला कोरडा वारा वाहतो, तिथे आठवडाभर टिकायच्या. इथे उन्हाळ्यात चार-पाच दिवस धरा. पावसाळ्यात वरची साखर पाणी सोडते आणि डोकी चिकट होतात, तेव्हा निम्म्याच करा किंवा उरलेल्या सरळ फ्रीझरमध्ये टाका. महिनाभर छान राहतात, बाहेर काढल्यावर तासाभरात ताज्यासारख्या होतात.

आणि हे लक्षात ठेवा की मागदालेना न्याहारीला दुधाच्या कॉफीत बुडवून खायची असते. आपण चहात खारी बुडवतो तशीच. म्हणून तिचा गाभा चॉकलेट केकसारखा ओलसर, चिकट नसतो आणि नसावा. माझी परीक्षा अशी: कपात बुडवून तीन आकडे मोजायचे. न तुटता वर आली आणि आतपर्यंत भिजली असली की जमली. काही घरांत पिठात थोडी बडीशेपेच्या चवीची दारू घालतात. ज्यांना चालते त्यांनी चमचाभर घालून बघावी, लिंबाशी छान जुळते.

अंड्याशिवाय होईल का हेही अनेक जण विचारतात. दह्याचा, तेलाचा केक सुरेख होतो आणि मीही तो करते, पण ही नव्हे. हिचं सगळं अंग अंड्याच्या फेसावर उभं आहे.

पुढच्या वेळी सगळं पीठ एकदम भाजायला घेऊ नका. संध्याकाळी पीठ करून फ्रिजमध्ये टाका. सकाळी ओव्हन २५० वर तापवून आधी फक्त दोनच भाजा. तुरा आला पण वरून जळला तर जाळी खाली घ्या. वर रंग आला नाही तर पुढच्या घाण्याआधी ओव्हन आणखी दहा मिनिटं तापवा. तुरा फुटून पीठ बाहेर सांडलं तर कागद कमी भरा. त्या दोन मागदालेना कॉफीबरोबर संपेपर्यंत तुमच्या ओव्हनचा आकडा तुम्हाला कळलेला असेल, मग उरलेल्या बारा-तेरा भाजायला घ्या.